वाचकांचे प्रश्न : जावई अमेरिकेचे, लग्न कोल्हापुरात

प्रश्न : मुलीचं लग्न गेल्या महिन्यात इथल्या मंगल कार्यालयात झालं. जावई अमेरिकेचे नागरिक आहेत. तीन आठवड्यांनी ते परत जातील आणि तिकडून मुलीसाठी आय-१३० अर्ज (पत्नीला कायमचं तिकडे नेण्यासाठी करायचा पहिला अर्ज) भरतील. लग्नपत्रिका, अल्बम आणि गुरुजींनी दिलेलं पत्र आहे. एवढ्यावर भागेल का?
- एक आई, राजारामपुरी

उत्तर : नाही भागणार. तिकडे विवाह निबंधकाचा दाखलाच लागतो. गुरुजींचं पत्र किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र त्याच्या जागी चालत नाही. १९९८ च्या राज्य कायद्यात नोंदणीला ९० दिवस आहेत, नंतर विलंब शुल्क पडतं. पण वधू-वर दोघं आणि तीन साक्षीदार सहीला लागतात, म्हणून जावई इथे आहेत तोवरच नोंदणी उरका.

दाखला हातात पडला की खिडकीपाशीच वाचा. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. ताम्हणातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव हौसेने अर्जात घातलं जातं, पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असतं. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे सिद्ध करत बसावं लागतं. दाखल्यावर लग्नाआधीचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर हवं. आमचा सल्ला, ती तिकडे पोहोचेपर्यंत पासपोर्टवर माहेरचंच नाव राहू द्या. दाखल्यावर लग्नाची आणि नोंदणीची अशा दोन तारखा असतात. आय-१३० मध्ये लग्नाची लिहायची.

मजकूर फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्याखाली भाषांतरकाराने ते पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं लिहून सही करायची. अ‍ॅपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी शिक्क्याचा, खर्च या अर्जासाठी करू नका. जावयांचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत हवीच.

नातं खरं असल्याचा पुरावा वेगळा. जाडजूड अल्बमपेक्षा साखरपुडा, लग्न आणि नंतरचे पंधरा-वीस फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, नावं. विमानाची तिकिटं, जावयांच्या पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा.

पोलिसांचा गुन्हा नोंद नसल्याचा दाखला आत्ता काढू नका, तो पुढच्या टप्प्यात लागतो. तोही पासपोर्ट खात्यामार्फतचा हवा, ठाण्यातलं पत्र नाही. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीला सगळ्या मूळ प्रती न्यायच्या.

प्रश्न : सुनेसाठी मुलाने अमेरिकेतून अर्ज केलाय, पण तिच्या जन्माची ग्रामपंचायतीत नोंदच नाही. आता?
- एक वाचक, गारगोटी

उत्तर : ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला लेखी घ्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि सूनबाईंच्या आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. त्यांत जन्मतारीख, गाव आणि दोघांचीही पूर्ण नावं हवीत. शाळेच्या दाखल्यावरची तारीख पासपोर्टशी जुळते का, ते मात्र आधी पाहा.