इंजिन गेल्यावर छोट्या स्पोर्ट्‌स कार कंपन्या टिकतील का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पेट्रोल इंजिन मागे पडल्यावर लोटस, केटरहॅम, मॉर्गन, एरियल यांसारख्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार कंपन्या टिकतील का, हा पहिला. आणि मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्यासारख्याने अशा कंपनीत जाण्याचा विचार करावा का, हा दुसरा. ‘इंजिन गेले की या कंपन्या संपल्या’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, आणि तेही ज्यांना इलेक्ट्रिक प्रयत्न फसण्याचे खरे कारण ठाऊक होते अशा माणसांच्या तोंडून. म्हणून हे उत्तर लिहीत आहे. पुण्यात शिक्षण झाल्यावर मी इंग्लंडमधील अशाच एका कंपनीत काही वर्षे बॅटरी पॅकच्या रचनेचे काम केले. कंपनीचे नाव येथे देणार नाही.

या कंपन्यांची ओळख इंजिनामुळे होती, हा समजच मुळात चुकीचा आहे. १९९६ साली लोटसची एलिस आली तेव्हा तिच्यात रोव्हरचे इंजिन होते आणि पुढे टोयोटाचे आले. केटरहॅमने वर्षानुवर्षे फोर्डची इंजिने वापरली, मॉर्गनच्या गाड्यांत बीएमडब्ल्यूची बसली, तर एरियलची अ‍ॅटम होंडाच्या इंजिनावर नावारूपाला आली. स्वतःचे इंजिन बनवण्याचे प्रयत्न झाले, पण ते अपवाद. ज्यांनी कायम दुसऱ्याचे इंजिन विकत घेतले, त्यांनी उद्या दुसऱ्याची मोटर विकत घेतली तर आत्मा हरवतो, हे मला पटत नाही.

त्यांनी स्वतः घडवले ते वजन. पहिली एलिस साधारण ७२५ किलोंची होती आणि तिची चॅसी, म्हणजे सांगाडा, सुमारे ६८ किलोंची. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एकमेकींना इपॉक्सीने चिकटवायच्या, सांधा टोकाकडून उकलू नये म्हणून तेथे स्क्रू बसवायचे आणि मग सगळा सांगाडा भट्टीत घालून तो चिकटा पक्का करायचा, अशी ती पद्धत. वेल्डिंग टाळल्यामुळे पट्ट्यांची जाडी कमी ठेवता आली. इंजिन अवघे ११८ अश्वशक्तीचे असूनही त्या काळच्या कितीतरी महागड्या गाड्या वळणावर तिच्या मागे पडत.

आमच्या कंपनीतही हाच संस्कार होता. आमची पेट्रोल गाडी साडेसातशे किलोंच्या आसपासची होती. इलेक्ट्रिक आवृत्तीचे काम सुरू झाले तेव्हा आम्ही, म्हणजे चॅसी आणि बॅटरी विभागांनी, एकच अट कागदावर लिहून घेतली होती : पूर्ण गाडी ९०० किलोंच्या आत. त्यासाठी ३२ किलोवॉट-तास क्षमतेचा बॅटरी पॅक पुरेसा होता. रस्त्यावर जपून चालवली तर दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि ट्रॅकवर जोरात चालवली तर वीस मिनिटे, असा आमचा हिशोब होता. अशा गाडीचा मालक रविवारी सकाळी दोन-तीन तास फिरून घरी येतो किंवा ट्रॅकवर वीस मिनिटे चालवून टायर थंड होऊ देतो. त्याला याहून जास्त लागत नाही.

बॅटरीचे सेल मिळवणे हीच पहिली लढाई होती. एका बड्या सेल उत्पादकाच्या प्रतिनिधीने आमची वर्षाची गरज ऐकली आणि पुढची भेट ठरवण्याचेही टाळले. शेवटी ड्रिल मशीनसारख्या हत्यारांसाठी बनवले जाणारे, एका झटक्यात भरपूर विद्युत प्रवाह देऊ शकणारे दंडगोल सेल आम्ही एका मध्यस्थ पॅक-निर्मात्याकडून घेतले. या सेलमध्ये ऊर्जा थोडी कमी मावते, पण जोरात वापरले तरी ते लवकर तापत नाहीत. आमच्या गाडीला तेच हवे होते. सीटच्या मागे, जेथे पूर्वी इंजिन बसे, तेथे सगळा पॅक मावला. चाकांमधले अंतर तेच राहिले आणि दाराचा उंबराही वाढवावा लागला नाही.

मग विक्रीप्रमुखांनी बैठक बोलावली. ज्याच्यावर चारशे किलोमीटरचा आकडा नाही असे माहितीपत्रक आपण विक्रेत्यांसमोर ठेवूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आमचे तांत्रिक प्रमुख, ज्यांनी ९०० किलोंच्या अटीवर स्वतः सही केली होती, ते गप्प बसले. पॅक ६० किलोवॉट-तासांच्या पुढे गेला. तो सीटमागे मावेना, म्हणून निम्मे मोड्यूल, म्हणजे सेलचे गट, गाडीच्या तळाखाली सरकवले. त्यामुळे बसण्याची जागा वर आली आणि छतही उंचावले. चाकांमधले अंतर वाढले, म्हणून चॅसीच्या बाजूच्या पट्ट्या जाड केल्या. वजन वाढले म्हणून ब्रेकच्या चकत्या मोठ्या, त्यांच्यासाठी रिम मोठ्या, टायर रुंद, बेअरिंग जड, स्प्रिंग कडक झाल्या. यातला प्रत्येक बदल आधीच्या बदलामुळे भाग पडला होता आणि प्रत्येकाची कारणे बिनतोड होती. पहिला नमुना चार चाकांखालच्या चार वजनकाट्यांवर चढवला तेव्हा बेरीज १,२४० किलो आली. चॅसी विभागातले एक ज्येष्ठ कारागीर आकडे वहीत उतरवत होते. त्यांनी मागच्या उजव्या काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला आणि पेन खिशात ठेवले.

ट्रॅकवर ती गाडी सरळ रस्त्याला जबरदस्त पळाली. तिसऱ्या फेरीपासून मात्र पुढचे टायर पकड सोडू लागले आणि चालकाने वळणाआधी दहा-पंधरा मीटर लवकर ब्रेक दाबायला सुरुवात केली. काही महिन्यांनी प्रकल्प बंद झाला. बंद करताना अधिकृत कारण दिले गेले ते असे, की आमच्या ग्राहकांना इलेक्ट्रिक गाडी नको आहे. ग्राहकांना ९०० किलोंची गाडी दाखवलीच गेली नव्हती. आमचे ते तांत्रिक प्रमुख आजही व्याख्यानांत सांगतात की बॅटरी आणि हलकी स्पोर्ट्‌स कार यांचे जमत नाही. ते बॅटरीने बिघडवले नाही, माहितीपत्रकावरच्या एका आकड्याने बिघडवले, असे मी त्यांना तेव्हाही लेखी कळवले होते आणि आजही माझे तेच म्हणणे आहे.

हे दुखणे एकट्या आमच्या कंपनीचे नाही. २००८ साली आलेली टेस्लाची पहिली रोडस्टर एलिसच्या सांगाड्यावरून बेतलेली होती आणि तिचे सांगाडे लोटसच्या इंग्लंडमधील हेथेल येथील कारखान्यातच तयार होत. तिच्यातला ५३ किलोवॉट-तासांचा पॅक एकटाच सुमारे साडेचारशे किलोंचा होता आणि गाडी बाराशे किलोंच्या पुढे गेली. टेस्लाला लांब पल्ला सिद्ध करायचा होता, तो त्यांनी केला, आणि त्यांच्यापुरते ते योग्यच होते. स्पोर्ट्‌स कार कंपन्यांनी मात्र त्यातून नेमका उलटा धडा घेतला. लोटसने २०२१ साली एलिसचे उत्पादन थांबवले आणि पुढे चीनमधील वुहान येथे तयार होणारी एलेट्रे ही सुमारे अडीच टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली. २०२८ पर्यंत संपूर्ण इलेक्ट्रिक होण्याचा संकल्प नंतर मागे पडून हायब्रिडची भाषा सुरू झाली. संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ज्या कंपनीला हलकेपणाची शिस्त लावली, तिने हे करावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरीकडे अश्वशक्तीची शर्यत आहे. क्रोएशियातील रिमॅकची नेव्हेरा १,९०० हून अधिक अश्वशक्तीची. महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिनाची बतिस्ता हीसुद्धा रिमॅकच्याच तंत्रावर आधारलेली. दोन्ही प्रत्येकी १५० पर्यंतच बनवायच्या असे ठरले. पुढे रिमॅकचे संस्थापक मेट रिमॅक यांनी स्वतःच सांगितले की अतिश्रीमंत ग्राहकांची इलेक्ट्रिक हायपरकारवरची ओढ कमी झाली आहे, आणि २०२४ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली बुगाटीची तूरबियों आली ती सोळा सिलिंडरांचे इंजिन घेऊन. दोन हजार अश्वशक्ती आता मोटर आणि बॅटरी विकत घेऊन कोणालाही उभी करता येते. जे कोणालाही जमते त्याच्यासाठी संग्राहक कोट्यवधी रुपये का मोजतील? रिमॅकचा खरा आधार इतर कंपन्यांना बॅटरी आणि मोटरचे तंत्र पुरवण्याचा धंदा हा आहे, आणि छोट्या कंपन्यांनी त्यांच्याकडून शिकायचे असेल तर ते हे शिकावे.

मला आशा वाटते ती केटरहॅमकडे पाहून. त्यांनी २०२३ साली दाखवलेल्या, सेव्हन या त्यांच्या गाडीच्या इलेक्ट्रिक आवृत्तीचे उद्दिष्ट होते वीस मिनिटे ट्रॅक, पंधरा मिनिटे चार्जिंग, पुन्हा वीस मिनिटे ट्रॅक, आणि वजन ७०० किलोंच्या आत. सेल थेट द्रवात बुडवून थंड ठेवण्याची त्यांची योजना होती. चारशे किलोमीटरचा उल्लेखही नाही. गाडीचे काम काय हे आधी ठरवून मग बॅटरी ठरवणारी ही माणसे आहेत, आणि आमच्या बैठकीत नेमके हेच कोणी बोलायला तयार नव्हते.

आता काही गोष्टी माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणाऱ्याही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. बॅटरी पॅकला प्रमाणपत्र मिळवताना हादरे, आग, शॉर्ट सर्किट, अतिचार्जिंग अशा चाचण्यांत पॅकच्या पॅक नष्ट करावे लागतात, आणि वर्षाला दोनशे गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च फार जड जातो. त्यातच सेल उत्पादकाने तो सेल बनवणे थांबवले की बरेचसे काम पुन्हा करावे लागते. पूर्वी इंजिनासोबत त्याच्या धुराची चाचणीही मोठ्या कंपनीने बहुतांशी पार पाडलेली असे. बॅटरीच्या बाबतीत तसा आधार अजून उभा राहिलेला नाही. मॉर्गनने २०१६ साली दाखवलेली तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी विक्रीपर्यंत पोहोचलीच नाही, आणि त्यांच्या ग्राहकांपैकी अनेकांना इंजिनाचा आवाज आणि हातातला गिअर खरोखरच हवा असतो, हे मी नाकारत नाही. घाईही तेवढी नाही. ब्रिटनने २०२५ साली लहान आणि अतिलहान उत्पादकांना नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरील २०३० च्या बंदीतून सूट दिली आहे आणि युरोपीय संघातही वर्षाला हजारापेक्षा कमी गाड्या विकणाऱ्यांना उत्सर्जनाच्या उद्दिष्टांतून सूट आहे. म्हणजे पुढची काही वर्षे यातल्या बऱ्याच कंपन्या पेट्रोलवरच चालतील. ही सवड त्यांनी पॅक हलका करण्यात घालवली तर त्या टिकतील. वाट पाहण्यात घालवली तर पुढे सेल पुरवणारे आणि प्रमाणपत्र देणारे त्यांच्यासाठी थांबणार नाहीत.

राहिला आपल्या नोकरीचा प्रश्न. पगार मोठ्या कंपनीपेक्षा कमी असेल आणि प्रकल्प मध्येच बंद पडू शकतो, हे गृहीत धरून जावे. चॅसी, चिकटवलेले सांधे आणि बॅटरीचे शीतकरण या तिन्हींचे काम एकाच टेबलावर शिकायला मिळते, तसे मोठ्या कारखान्यात मिळणार नाही. मुलाखतीत मात्र आपणही एक प्रश्न विचारावा : गाडीचे ठरलेले वजन किती आणि ते वाढवण्याची परवानगी कोणाकडे आहे? उत्तरादाखल किलोंमधला आकडा आणि एका नेमक्या माणसाचे पद सांगितले गेले, तर खुशाल रुजू व्हावे. वजनाऐवजी एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल हे सांगू लागले, तर दुसरी कंपनी शोधावी.