६१७४ आणि दुसऱ्याचं उत्तर

प्रिय दोस्ता,

गंमत म्हणून प्रोग्रॅम लिहून कोडी सोडवायची तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं १९४९ सालचं कोडं घे. चार अंकी संख्या निवड, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमाने मांड, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा कर. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. तुझा प्रोग्रॅम एवढंच करेल: १००० ते ९९९९ मधल्या प्रत्येक संख्येला किती पायऱ्या लागल्या ते मोजून तक्ता छापेल. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पंधराएक ओळी पुरतात.

पाच-दहा संख्या टाकून बघशील, सगळं बरोबर वाटेल. मग पूर्ण पल्ला चालवशील आणि प्रोग्रॅम कुठेतरी अडकून बसेल. २१११ घे: २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. हे तीन अंकी झालं. पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९, शून्य, आणि मग जन्मभर शून्यच. उत्तर ०९९९ असं चार अंकी धरायला हवं होतं. तसं धरलंस की ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) करताना डावीकडे शून्यं भरून चार अंक पुरे करायचे. सारख्या अंकांच्या वगळून पल्ल्यात ८९९१ संख्या उरतात, त्यांपैकी फक्त ६८ या चुकीत सापडतात, एक टक्क्याहूनही कमी. म्हणून सगळा पल्ला चालवून बघायचा. आणि लूपला, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाला, वीस पायऱ्यांची मर्यादा घाल, म्हणजे अडकलं तरी निदान कुठे अडकलं ते छापून मिळेल.

आता तुझा तक्ता हेच कोडं सोडवलेल्या दुसऱ्या कोणाच्या तक्त्याशेजारी ठेव. सात पायऱ्यांसमोर तुझ्याकडे १९८० असेल, त्याच्याकडे २१८४. घाईने कोणालाच चूक ठरवू नकोस. त्याने ०००१ पासून मोजलं असेल, तर त्याची बेरीज ९९९० येईल, तुझी ८९९१. शून्य पायऱ्यांची ओळच नसेल, तर ६१७४ ला त्याने एक पायरी मोजली आहे. पल्ला तुझाच असेल, तर एक पायरीच्या ओळीत तुझ्या ३५६ ऐवजी ३५७ दिसेल. आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी प्रश्न एकच होता का ते तपास. ही सवय पुढे नोकरीतही कामाला येते.

स्वतःचं उत्तर चालल्याशिवाय दुसऱ्याचं उघडायचं नाही. फारच अडलास, तर एक रात्र जाऊ दे, मग बघ. तीन उत्तरं पुरेत. वाचताना किती ओळी वाचवल्या याकडे लक्ष देऊ नकोस. एका ओळीत कोंबलेला प्रोग्रॅम बघायला मजा येते, पण त्यातून बहुतेक वेळा भाषेच्या खोड्याच कळतात. प्रश्नात त्याला असं काय दिसलं जे तुला दिसलं नाही, ते शोध.

या कोड्यात दिसण्यासारखं बरंच आहे. ३५२४ आणि ४२५३ यांचे अंक एकदा मांडले की दोन्ही ५४३२. म्हणजे क्रमाला किंमत नाही. ९९९० संख्या तपासायच्या ऐवजी अंकांचे ७०५ गटच उरतात. आणखी कोणीतरी कागद-पेन घेतलेलं असतं: उतरते अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी म्हणजे ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). चार अंक गेले, दोन फरक उरले, आणि त्यांच्या जोड्या फक्त ५४. ५४ जोड्या तर वहीतही तपासता येतात! संगणकाला दोन्ही प्रकारे क्षणभरच लागतो, पण आठ अंकी संख्या घेतल्या की हा फरक डोळ्यांनी दिसतो.

आवडलेलं उत्तर कॉपी करू नकोस. खिडकी बंद कर, दुसऱ्या दिवशी आठवून लिही. अडशील तिथे तुला ते समजलेलं नव्हतं. मग प्रश्न थोडा वाकव. तीन अंकांना ४९५ येतं. दोन अंकांना काहीच स्थिर येत नाही: ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९. इथे ‘अमुक आकडा येईपर्यंत’ हा लूप कधीच संपणार नाही. आलेली प्रत्येक संख्या सेटमध्ये, म्हणजे आधी भेटलेल्यांच्या संचात, टाक आणि पुन्हा भेटली की थांब. पाच अंकांनाही अशीच चक्रं आहेत, ती तूच शोध.

ते झालं की कापरेकरांच्याच देवळाली संख्या घे: कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. १५ मध्ये ६ मिळवले की २१ होतात, म्हणून २१ बाद. २० मात्र कशानेच होत नाहीत. प्रत्येक संख्येसाठी मागच्या सगळ्या तपासल्यास, तर दहा हजारांपर्यंत जवळजवळ पाच कोटी तपासण्या होतील. उलट बाजूने जा: यादी कर, तयार होणाऱ्या संख्यांवर खूण कर, कोऱ्या राहिल्या त्या आपल्या. फक्त यादी १०,०३५ पर्यंत ठेव, कारण ९९९९ अधिक ३६ तिथवर जातं आणि छोटी यादी एररने कोसळते. शंभरपर्यंत १३ आल्या पाहिजेत, शेवटची ९७. दहा हजारांपर्यंत किती आल्या ते कळव, आणि प्रोग्रॅमही सोबत पाठव.