‘वारसा’ म्हणायला आधी वारस हवा

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलं आहे : व्याख्यानाच्या फलकावर ‘इंदिरा गांधींच्या वारशाचे पुनर्मूल्यांकन’ असं वाचलं. ‘पुनर्मूल्यांकन’ बरोबर की ‘पुनर्मूल्यमापन’?

दोन्ही चालतात. मला ‘मापन’ बरं वाटतं, एवढंच. खटकायला हवा होता तो शेजारचा शब्द. ‘लेगसी’ दिसली की वारसा, ‘हेरिटेज’ दिसलं की वारसा. शनिवारवाडाही वारसा आणि आणीबाणीही वारसाच!

वारसा हा घेणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. आधी वारस, मग वारसा. तलाठ्याकडे वारसनोंदीला जा, वारस कोण हेच आधी विचारतील. मूळ अरबी धातू व-र-थ. फारसीत ‘थ’चा ‘स’ झाला. आणि याच धातूचं दुसरं लेकरू म्हणजे आपली ‘मिरास’! अरबीत ती ‘मीराथ’, फारसीत ‘मीरास’. त्या दीर्घ ‘मी’मध्ये धातूचा ‘व’ विरघळून गेलाय, म्हणून वारस आणि मिरास ही सख्खी भावंडं असूनही ओळखू येत नाहीत. पुणे प्रांतात मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार. परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला तरी हक्क सांगू शके. उपरी, म्हणजे मिरास नसलेल्या कुळाला ती सोय नव्हती. मिराशीचं शेत म्हणून ते आपोआप पीक देत नाही, असं आमच्या देहूच्या तुकोबांनी बजावलंय. माझं ठाम मत आहे की मराठी ‘वारसा’त ही मिराशीची माती अजून आहे. तो हक्क आहे, नुसता परिणाम नव्हे.

आता इंदिराबाईंकडे पाहा. १९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीने त्यांनी संस्थानिकांचे तनखे बंद केले. ती मिरासच मोडली. ३१ ऑक्टोबर १९८४ला त्यांची हत्या झाली आणि त्याच दिवशी मुलाने पंतप्रधानपदाची शपथ घेतली. याला वारसा म्हणा, माझी हरकत नाही. पण आणीबाणीचा वारस कोण? ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन ती लादली. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने ते कारणच घटनेतून काढलं. ते तर देशाचं हक्कसोडपत्र झालं! भाषांतरकोश ‘लेगसी’पुढे वारसा लिहून थांबतात. त्यांचा दाखला देऊन मला खोडणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. ‘दाय’ हा संस्कृत शब्द सुचवणाऱ्यांनीही. दाय म्हणजे तरी वाटणीचं धनच.

१९६९चं १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, बांगलादेशचं युद्ध, येरवड्याचा तुरुंग भरणारे ते २१ महिने, हे सगळं ज्यात मावतं असा शब्द आपल्याकडे आहे : ‘कारकीर्द’. फारसी ‘कार’ म्हणजे काम, ‘कर्द’ म्हणजे केलं. फलकावर तो लिहायला हवा होता.