घरात बुरशी नेमकी कुठं कुठं धरते?

तुम्ही विचारलंय की घरात बुरशी साधारण कुठं धरते, आणि टिळकवाडीत भाड्यानं घेतलेल्या घरात कपाट सरकवल्यावर मागं काळे ठिपके दिसले ते बुरशीचेच का. वर्णनावरून तरी बुरशीच वाटते. मी बेळगाव-खानापूर भागात रंगकामाची कंत्राटं घेतो, त्यामुळं लोकांची कपाटं सरकवून बघणं हा धंद्याचाच भाग झालाय.

बहुतेक लोक आधी वर बघतात, स्लॅब गळतोय का म्हणून. गळत असेल तर बुरशी येणारच, त्यात काही नवल नाही. पण आमच्याकडच्या घरांत जास्त बुरशी सापडते ती न गळणाऱ्या भिंतीवर. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडनं झड येते, धुकं येतं, ऊन दिवसेंदिवस दिसत नाही. पश्चिम आणि नैऋत्येची भिंत भिजून गार पडते. आत माणसांचा श्वास, भाताची वाफ, अंघोळीची वाफ, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही सगळी ओल हवेत फिरत असते आणि सगळ्यात गार जागा सापडली की तिथं बसते. त्या भिंतीला लोखंडी तिजोरी चिकटवून ठेवली की मागं वारा खेळत नाही, आणि बुरशीचं काम झालं. तिला पाणी वाहताना लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस टिकली तरी पुरतं. खायला धूळ, प्लायवूड, पुठ्ठा, रंगातला चिकट पदार्थ, काहीही चालतं.

म्हणून जागा शोधायच्या तर हवा कुठं कोंडते आणि गार कुठं लागतं ते हातानं बघा. बाहेरच्या दोन भिंती मिळतात तो कोपरा, त्यातही छताजवळचा. भिंतीला टेकवलेल्या पलंगाचं डोकं. जाड पडद्यामागची खिडकीची चौकट. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके. बाथरूमचं छत, कारण गरम वाफ तिथंच जाऊन थांबते. सिंकखालचं कपाट, जिथं पाइपाच्या सांध्यातनं थेंबथेंब पडतं आणि कुणी वाकून बघत नाही. फ्रिजच्या दाराचं रबर, त्याच्या मागचा पाण्याचा ट्रे, आणि वॉशिंग मशिन पुढून उघडणारी असेल तर तिच्या दाराच्या रबराची घडी. बोट घालून बघा, काळं लागेल. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरच्या बाजूला काय चाललंय ते खालनं कळतच नाही. जिप्सम बोर्डाला कागद असतो आणि कागद बुरशीला फार आवडतो. ओलीच्या भागात फॉल्स सीलिंग करू नका असं मी गिऱ्हाइकाला सांगतो, ऐकतात कमी.

चामड्याचं सामान वेगळंच. अथणी-निपाणीकडं बनणाऱ्या कोल्हापुरी चपला (२०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे) पावसाळ्यात पेटीत बंद करून ठेवल्या की हिरवट पांढरी लव धरतात. त्या उघड्यावर, वारा लागेल अशा ठेवायच्या. गंमत म्हणजे खुद्द अथणीत हा त्रास फारसा नाही, तिकडं पाऊसच कमी. एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीला भिंती चार महिने वाळत नाहीत आणि अथणीला लोक ढगाची वाट बघतात.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण इथं पैसे वाया जातात. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, बोटानं चुरलं की मिठासारखं भुरभुरतं. तो लोणा. जमिनीतनं चढलेल्या ओलीबरोबर आलेले क्षार वाळून वर बसतात. त्यावर पाण्याचे थेंब टाकले की विरघळतो. बुरशी विरघळत नाही. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, काळी किंवा हिरवट, जवळनं बघितली तर मखमल वाटते, आणि वास येतो. तुमची ओल भिंतीतनं येते की हवेतनं, हे बघायला एक सोपा उपाय आहे: डबा गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या मागं पाणी असेल तर भिंत भिजलीय, बाहेरून पाइप किंवा तडा शोधा. पुढच्या बाजूला दव असेल तर खोलीतली वाफ आहे.

तुमच्या कपाटामागची जागा दोन-तीन फूट लांबरुंद असेल तर स्वतः साफ करता येईल. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा. कोरड्या ब्रशनं घासू नका, बी घरभर उडतं. साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, मग फॅन लावून वाळवा. ब्लीच फरशीवर, टाइल्सवर ठीक. गिलाव्यावर त्याचा फायदा कमी, कारण त्यातलं पाणी आत मुरतं. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. घरात दम्याचं कुणी असेल तर साफ करताना त्यांना दुसरीकडं पाठवा. डांबराच्या गोळ्या कसरीला असतात, बुरशीला त्याचं काही वाटत नाही.

मग कपाट भिंतीपासून चार बोटं तरी सोडून ठेवा, शक्यतो आतल्या भिंतीला. कपडे बेडरूममध्ये वाळवू नका. जुलैत बाहेरचीच हवा ओली असते, त्यामुळं खिडकी उघडून खोली कोरडीठाक होईल असं समजू नका, पण अंघोळीनंतर आणि स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट फॅन लावला तर घरात तयार झालेली वाफ तरी बाहेर जाते. जुन्या कौलारू घरांत हे आपोआप व्हायचं: कौलांच्या फटीतनं वारा, चुलीची ऊब, वर चुन्याचा हात. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही, तो फार अल्कली असतो. आता स्लॅब, स्लायडिंग खिडक्या आणि प्लास्टिक पेंट, मग ओल जाणार कुठं?

मालक आत्ताच रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हणा. ओल्या भिंतीवर मारलेला रंग फुगून सुटतो आणि डाग त्यातनं पुन्हा वर येतात. बाहेरचा पाइप आणि चज्जाचा तडा आधी बघायला सांगा, रंगाचं दिवाळीनंतर बघू म्हणा.