बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने होणारा विधी) घेतला की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालंच, असं समजायचं का?

पंथागणिक उत्तर बदलतं. कॅथलिक चर्च बाप्तिस्म्याला तारणाचं दार मानतं. प्रोटेस्टंट मंडळींचा भर कृपेवर आणि विश्वासावर. मला विचाराल तर पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तरी तिथल्या सिस्टरांशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण), ख्रिस्ताच्या देवत्वावरून पत्रापत्री चालूच! (बाई कुणाचं निमूट ऐकणाऱ्या नव्हत्याच.) पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नाही. त्याच्यावर सगळा भार टाकायला आणखी काही वर्षं गेली. मग पुणे जिल्ह्यातल्या केडगावात दुष्काळात पोळलेल्या बायका-मुली सांभाळता सांभाळता त्या हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत बसल्या.