मक्यासाठी मक्याची चकती

प्रश्न : ताई, आमचं टोकण यंत्र जुनं आहे. त्यातली मक्याची चकती (भोकांतून एकेक दाणा सोडणारी) तुटली, आणि त्या मॉडेलच्या चकत्या आता मिळत नाहीत. भाच्याने कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकची काळी चकती काढून दिली. मे महिन्यात रिकाम्या वावरात चालवून पाहिली, झकास चालली. मग यंत्र चार दिवस उन्हात उभं राहिलं आणि चकती पापडासारखी वाकली. आता काय करावं?
– एक शेतकरी, निफाड

उत्तर : भाच्याला रागावू नका. शिकाऊ मुलांच्या प्रिंटरवर बहुतेक वेळा पीएलएच चढवलेलं असतं, कारण ते छापायला सगळ्यात सोपं. पण साधारण ६० अंशांला ते मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. उन्हातल्या काळ्या प्लास्टिकला तर हात लावता येत नाही.

तुम्ही पीईटीजी हे प्लास्टिक घ्या. ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पीएलएइतकं ठिसूळ नसतं. यंत्र बारमाही उघड्यावर राहणार असेल तर एएसए प्लास्टिक. ते १०० अंशांजवळही ताठ राहतं आणि उन्हात एबीएस या नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. मात्र एएसए छापताना उग्र वास सुटतो, बंद पेटीचा प्रिंटर आणि खेळती हवा लागते. पेरणी झाली की चकती काढून घरात ठेवण्याची शिस्त असेल तर एवढा खटाटोप कशाला? पीईटीजीच, आणि पांढऱ्या रंगाचं.

आता छापायचं कसं. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. वडिलांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकची १६ मिमीची नळी तारेला टांगायला मी २०० हूक काढले. जागा वाचावी म्हणून सगळे उभे छापले. नळीत पाणी भरलं तसे बाकापाशी एकेक पटापट तुटत गेले. हातात घेऊन पाहिलं तर तुटलेली जागा अगदी सपाट, सुरीने कापल्यासारखी. प्रिंट थरावर थर चढवत बनते. थर एकमेकांपासून सुटायला सोपे, जसं लाकूड रेषेत फाटतं. तेच हूक आडवे छापले, ते अजून लटकताहेत. (वडील म्हणाले, बाजारात चिल्लरीत मिळतात ते आणायचे होतेस. खरं होतं. विकत मिळतं ते छापू नये. तुमची चकती मिळत नाही, म्हणून छापायची.)

तेव्हा चकती प्रिंटरच्या पाट्यावर आडवी ठेवून छापा. १५ सेंमी व्यासाची, ५ मिमी जाडीची भरीव चकती साधारण ११० ग्रॅमची होते. प्लास्टिकच्या तारेच्या किलोच्या रिळात आठ-नऊ निघतात. भोकं मात्र फाईलमध्ये दिली त्यापेक्षा किंचित लहान येतात. तुमच्याच पिशवीतले मूठभर दाणे व्हर्नियर मोजपट्टीने मोजा, सगळ्यात मोठा दाणा सहज बसेल एवढं भोक ठेवा, आणि आधी चकतीचा एक तुकडाच छापून पाहा. मग यंत्राचं चाक उचलून ताडपत्रीवर वीस फेरे फिरवा आणि दाणे मोजा. दोन-दोन पडले तर भोक मोठं, रिकामी भोकं गेली तर लहान.

आणि जूनच्या दमट हवेत रीळ उघडं ठेवू नका. ओल धरलेलं पीईटीजी छापताना तडतडतं, त्यात बुडबुडे राहतात. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : बागेच्या फवारणीच्या ब्लोअरचे नोझल असेच छापता येतील का?
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नको. थेंबाचा आकार भोकाच्या अचूकपणावर ठरतो, आणि घरगुती प्रिंटरची प्लास्टिकची तारच ०.४ मिमीच्या तोंडातून येते. त्यात पंपाचा दाब थरांतून औषध झिरपवेल, तेही तुमच्या अंगावर. नोझलची सिरॅमिकची चकती विकत घ्या. नोझल ठेवायचा डबा, नळी पकडायचा चिमटा, हे खुशाल छापा.

प्रश्न : पीएलए मक्यापासून बनतं म्हणे. मग तुटलेले तुकडे उकिरड्यात टाकले तर कुजतील?
– वाचक, सटाणा

उत्तर : मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं हे खरं. पण कुजायला सतत ६० अंशांजवळची ऊब आणि ओल लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते. वावरात टाकलेला तुकडा पुढची कित्येक वर्षं तुमच्या नांगराला लागत राहील. वेचून काढा.