‘4.5, खोली 560 किमी’ म्हणजे काय?

प्रश्न : मोबाइलवरच्या भूकंपाच्या ॲपमध्ये फिजीच्या दक्षिणेला, भर समुद्रात ‘4.5, खोली 560 किमी’ अशा नोंदी दिसतात. एवढी खोली मोजतात कशी? किल्लारीचे हादरे अनुभवलेल्या आमच्यासारख्यांनी त्यांची धास्ती घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धास्ती मुळीच नको. सोलापूर ते नागपूर सरळ रेषेत साधारण 500 किमी. या भूकंपाचे केंद्र, म्हणजे तो जिथे सुरू होतो ती जागा, त्याहून खोल. बरोबर वर जहाज उभे असले तरी ते केंद्रापासून 560 किमी दूरच. 4.5 तीव्रतेचा (मॅग्निट्यूड) धक्का तिथवर पोचेतो यंत्रालाच कळेल इतका क्षीण होतो. समुद्राचा तळ त्याने उचलला जात नाही, म्हणून त्सुनामीही नाही. किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993) 6.2चा होता, पण जेमतेम दहा-बारा किमी खोलीवरचा आणि वर दगडमातीची घरे. उलट 19 ऑगस्ट 2018 रोजी फिजीजवळ 8.2चा भूकंप झाला. त्याची ऊर्जा 4.5च्या साडेतीन लाख पट, तरी केंद्र सुमारे 600 किमी खोल असल्याने जीवितहानी झाली नाही.

तिथे भूकंप होतात, कारण पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) टोंगा गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल घळीपाशी, खाली शिरतो. एरवी एवढ्या खोलीवर खडक तापून मऊ झालेला असतो, तो तुटत नाही. बुडणारा पट्ट मात्र आतून थंड राहतो, म्हणून जवळपास 700 किमीपर्यंत धक्के बसतात.

आता मोजणी. केंद्रातून निघालेली प्राथमिक, म्हणजे सर्वांत वेगवान लहर थेट दूरच्या वेधशाळेत पोचते. तिचाच एक भाग आधी वर जातो, पृष्ठभागावर आपटून परततो आणि मागाहून येतो. केंद्र जितके खोल, तितका तिला उशीर; 560 किमी खोलीला दोघींत सुमारे दोन मिनिटांचे अंतर पडते. ही दुसरी लहर अनेक वेधशाळांच्या आलेखांवर ओळखता आली, की खोली भरवशाची. भूकंप लहान असला तर ती गोंगाटात हरवते. भर समुद्रात जवळपास वेधशाळाही नसतात, त्यामुळे पहिला स्वयंचलित आकडा पुढे बदलतो.

खरी मेख ‘10 किमी’ या आकड्यात आहे. खोली ठरवण्याइतक्या नोंदी नसतील, तेव्हा गणितात बहुधा 10 गृहीत धरतात. म्हणून खोलीसमोर नेमके 10 दिसले, तर नोंद तज्ज्ञांनी तपासलेली आहे की स्वयंचलित, आणि किती वेधशाळांवरून घेतली, हे आधी पाहा.